पायावरचा पाणघोडा

दवाखान्यात त्यांना सगळे गवंडी म्हणत. विटा-वाळूशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचं हे त्यांचं काम. संध्याकाळी प्लास्टरच्या खोलीतून बाहेर पडायचे तेव्हा कोपरापासून भुवयांपर्यंत पांढरेफटक झालेले असायचे, म्हणून कुणा टवाळ वॉर्डबॉयने कधीकाळी हे नाव ठेवलं. वॉर्डबॉय नोकरी सोडून गेला, नाव मात्र राहिलं. गवंड्यांना त्याचा राग नव्हता. "बाकीच्या गवंड्यांची भिंत जागची हलत नाही, माझी घरी चालत जाते," असं म्हणायचे आणि आपल्याच विनोदावर सगळ्यांच्या आधी हसायचे. हा त्यांचा एक दोष. दुसरा असा, की त्यांच्या कामात कुणी नाक खुपसलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. उभा जन्म एकाच खोलीत काढला की माणसाला वाटायला लागतं, की खोली आपल्याला पाठ आहे. बरं, तसं म्हणायचा त्यांना हक्कही होता.

खोली म्हणजे तरी काय, मध्ये एक उंच लोखंडी टेबल, कडेला कोमट पाण्याची बादली, कपाटात कापसाच्या गुंडाळ्या आणि प्लास्टरचे रोल. खाली फरशीवर इतके पांढरे डाग, की मूळ रंग कोणता होता हे आता कुणालाच आठवत नव्हतं. रोल पाण्यात सोडायचा, बुडबुडे यायचे थांबले की उचलायचा, हलकेच पिळायचा. आधी कापूस, मग प्लास्टर. बोटांनी दाबायचं नाही, तळहात फिरवायचा, कारण बोटाचा खड्डा राहिला तर तो आत टोचत बसतो. हे सगळं गवंडी झोपेतसुद्धा करू शकले असते.

मोठी माणसं मुकाट्याने प्लास्टर घालून घ्यायची. मुलं मात्र टेबल बघितल्याबरोबर भोकाड पसरायची. मग गवंडी भिंतीकडे बोट दाखवायचे. भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेली तीन चित्रं होती. खार, बगळा आणि पाणघोडा. "रडून झालं की यातला एक निवड. उद्या प्लास्टर वाळलं की तुझ्या प्लास्टरवर काढून देतो." उद्याच, कारण ओल्या प्लास्टरवर शाई पसरते.

हे तिघे एका जुन्या कार्टूनमधले. गवंडी लहान असताना ते कार्टून लागायचं, त्यांच्या लेकीने ते बघितलं, आणि आता नात मोबाइलवर बघते. खारीच्या गळ्यात लाल रुमाल. ती या छपरावरून त्या छपरावर उड्या मारते आणि कुणाच्या बापाच्या हाती लागत नाही. बगळा चष्मा लावतो, नाकाने कांदे सोलतो, जगाला शहाणपण शिकवतो आणि शेवटी स्वतःच डबक्यात पडतो. पाणघोडा बिचारा साधा. त्याला फक्त जरा बसायचं असतं. दर भागात तो एका खुर्चीवर टेकतो आणि दर भागात ती खुर्ची मोडते. तो दाणकन आपटतो, इकडेतिकडे बघतो, उठतो आणि दुसरी खुर्ची शोधायला जातो. एवढंच त्याचं काम. पण त्या एवढ्याशा कामावर तीन पिढ्या पोट धरून हसल्या.

या तिघांत भारी कोण, यावर चहाच्या वेळी दवाखान्यात वाद रंगायचा. वॉर्डातल्या सिस्टर खारीच्या बाजूच्या.

"मुलांना जिंकणारा आवडतो," त्या म्हणायच्या. "दप्तरावर बघा, पाण्याच्या बाटलीवर बघा. सगळीकडे खार. पाणघोड्याचं दप्तर बघितलंय कधी?"

"मला लहानपणी बगळा आवडायचा," डॉक्टर म्हणायचे.

"वाटलंच मला," सिस्टर म्हणायच्या, आणि डॉक्टर बशीत बघायचे.

गवंडी हे सगळं ऐकून घ्यायचे आणि मग शेवटचा शब्द आपला, अशा थाटात कप खाली ठेवायचे. "धडधाकट पोरांचं सोडा हो. ज्याचं हाड मोडलंय त्याला विचारा. माझ्या टेबलावर निम्म्याहून जास्त पोरं पाणघोडा मागतात. पडलेल्याला पडणारा आवडतो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं."

त्यातही एक गंमत होती. हात मोडलेली मुलं खार मागायची, बगळासुद्धा मागायची. पाय मोडलेली मुलं मात्र एक दिवस वॉर्डात काढून आली, की पाणघोड्यावर अडून बसायची. असं का, हे गवंड्यांना कधी उमगलं नाही. पण उमगलं नाही म्हणून गप्प बसतील तर ते गवंडी कसले. "पायावर सगळं वजन. आणि वजन म्हणजे पाणघोडा," असं ठोकून द्यायचे.

एकदा एक चिमुरडी पायावरच्या पाणघोड्याकडे बघून म्हणाली होती, "काका, हा उताणा पडून पाय हलवतोय." गवंड्यांना केवढं कौतुक वाटलं! काय ही पोरांची कल्पना, म्हणत त्यांनी तो किस्सा चार ठिकाणी सांगितला. मान वाकडी करून तिच्या बाजूने बघावं, हे काही त्यांना सुचलं नाही.

आता त्यांची नात. तिला घरात कुणी नावाने हाक मारायचंच नाही. पाळण्यातून पाय बाहेर काढायला लागली तेव्हापासून गवंड्यांनी तिचं नाव खारुताई ठेवलं होतं. पोरगी नावाला जागली. जिन्याची शेवटची पायरी ती कधी पायाने उतरलीच नाही, उडी मारूनच उतरली. गुडघे फुटणं तर तिच्या पाचवीला पुजलेलं. आजी ओरडायची, आई डोक्याला हात लावायची आणि आजोबा म्हणायचे, "अगं, खारच ती! खारीला काय बसून राहायला सांगता?"

एका दुपारी ती शेजारच्या गॅरेजच्या भिंतीवर चढली. पलीकडे वाळूचा ढीग होता. गळ्यात तिने आजीचा लाल रुमाल बांधला होता. वाळू जवळ वाटली होती तेवढी जवळ नव्हती. पायाची नळी मोडली.

दवाखान्यात आणली ती थेट आजोबांच्याच टेबलावर. गवंडी आयुष्यात पहिल्यांदा रोल बादलीत विसरले, तो हातात येईपर्यंत दगड झाला होता. दुसरा घेतला. तळहात फिरवताना त्यांच्या ओठांची हालचाल होत होती, पण ते काय पुटपुटत होते हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. प्लास्टर मात्र असं घातलं की डॉक्टर एक्स-रेची फिल्म बघून म्हणाले, "सुंदर." रात्रभर पोरीला वॉर्डात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गवंडी मार्करचा डबा घेऊन आले. 'तुला कोण हवं?' हा प्रश्न ते प्रत्येक मुलाला विचारत. या एका मुलीला त्यांनी विचारलाच नाही. विचारायचं काय त्यात? ते टेबलाच्या पायथ्याशी उभे राहिले, नेहमी राहायचे तिथेच, आणि त्यांनी झाकण उघडलं. तेव्हा ती हळूच म्हणाली, "पाणघोडा."

"पाणघोडा?" गवंडी खो खो हसले. "खारुताईच्या पायावर पाणघोडा? शोभेल का? तू बघच, आजोबा काय काढतात ते."

आणि त्यांनी जन्मात काढली नव्हती अशी खार काढली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. पुढचे दोन्ही हात वर झेपावलेले, शेपूट वाऱ्यावर, लाल रुमाल फडफडतोय. सिस्टर दारातून बघून म्हणाल्या, "अगंबाई, ही तर निघालीच उडून!" डॉक्टरांनी खिशातून मोबाइल काढून फोटो घेतला. गवंडी फुलून आले होते.

"आवडली ना?" त्यांनी विचारलं.

पोरीने चित्राकडे बघितलं, बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. आता मुलाने मान हलवली म्हणजे ते हो म्हणालं, असं थोडंच असतं? पण खुशीत असलेल्या माणसाला हे कुणी सांगायचं?

लेक राहायची तिसऱ्या मजल्यावर, तिथे लिफ्ट नाही. जावई कामासाठी परगावी. म्हणून मायलेकी गवंड्यांच्याच घरी राहायला आल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी पलंग टाकला. लेक सकाळी बेकरीच्या काउंटरवर जायची, आजी दिवसभर घरात. येणाराजाणारा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून खारीचं कौतुक करायचा. पोरगी पायावर चादर ओढून घ्यायची. "थंडी वाजते का गं?" आजी विचारायची. ती नाही म्हणायची, आणि चादर तशीच ठेवायची.

असा दीड महिना गेला. प्लास्टर काढायचा दिवस आला. कटरचा आवाज ऐकून मुलं घाबरतात, म्हणून गवंड्यांनी नेहमीप्रमाणे तो आधी स्वतःच्या तळहाताला लावून दाखवला. ते पातं फिरत नाही, नुसतं थरथरतं. कातडीला काही करत नाही. दोन्ही कडांनी प्लास्टर कापलं, वरची पाठ, म्हणजे चित्राची बाजू, अलगद उचलून बाजूला ठेवली, खारीला खरचटूसुद्धा दिलं नाही. आतला पाय बारीक, फिक्का, पापुद्रे सुटलेला. असाच असतो.

"हाड झकास जुळलंय," डॉक्टर म्हणाले. "चला बाईसाहेब, उतरा."

बाईसाहेब उतरल्या नाहीत. खाली उभं केलं तर तिने पाय वर घेतला, पार पोटाशी. दोन दिवसांत धावेल, असं डॉक्टर म्हणाले. सगळेच तसं म्हणाले.

दोन दिवस गेले, आठवडा गेला. पोरगी पाऊल टेकवेना. बसल्या बसल्या सरकायची, नाहीतर हात वर करून "उचल" म्हणायची. काखेत धरून उभी केली, तर बगळ्यासारखी एका पायावर. आजीने गोंजारलं. आईने नवे बूट आणले, गुलाबी, चालताना दिवे लागणारे. पोरीने ते बूट हातात घालून पलंगावर चालवले. मग आई चिडली, ओरडली, आणि ओरडल्यावर आत जाऊन रडली. बेकरीतून सारखे फोन यायला लागले, सुट्टी किती दिवस म्हणून.

पुन्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय वाकवून, दाबून, फिरवून बघितला. दुखत नव्हता. पण यावेळी ते हसले नाहीत.

"पायात दोष नाही," ते म्हणाले. "पण वापरलाच नाही तर स्नायू आणखी वाळेल, आणि मग खरंच चालता येणार नाही नीट. सोमवारपर्यंत बघू. नाहीतर भरती करू, रोज व्यायाम करून घ्यावा लागेल. रडली तरी."

'भरती' म्हटल्यावर पोरीने आजोबांच्या शर्टात तोंड खुपसलं. बाहेरच्या बाकावर लेक म्हणाली, "बाबा, गावभरची पोरं तुम्ही उभी केलीत. माझ्याच पोरीचं काय झालं हो?"

तिला टोमणा मारायचा नव्हता. पण तो बसला. त्या दिवशी गवंड्यांनी कुणाच्याही प्लास्टरवर चित्र काढलं नाही, चहाला गेले नाहीत. सिस्टर दोनदा डोकावून गेल्या. पोरगी अशीच राहिली तर? एका पायाने लंगडत शाळेत जाणारी, जिन्याखाली थांबून कुणी उचलेल म्हणून वाट बघणारी खारुताई त्यांना दिसायला लागली.

रविवारी सकाळी त्यांनी शेवटचा डाव टाकला. पलंगासमोर हात पसरून उभे राहिले आणि कार्टूनमधल्यासारखा आवाज काढून म्हणाले, "आणि आता बघा, खारुताई मारतेय उडी!"

"मला खारुताई म्हणू नका!" पोरगी किंचाळली. एवढ्या मोठ्याने, की आतून आजी कणकेच्या हातांनी धावत आली.

गवंड्यांचे हात तसेच पसरलेले राहिले. आजीने डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं आणि ती परत आत गेली.

काहीतरी हातचाळा हवा म्हणून गवंडी कपाटाकडे वळले. प्लास्टरची ती वरची पाठ त्यांनी घरी आणून कपाटाच्या खालच्या फळीवर उभी करून ठेवली होती, आल्यागेल्याला दिसावी म्हणून. फळी रिकामी होती. इकडेतिकडे शोधलं. पाठ कपाटाखाली होती, भिंतीच्या बाजूला तोंड करून, पार आत सरकवलेली. गवंडी गुडघ्यांवर बसले, काठीने ती बाहेर ओढली आणि तिच्यावरची धूळ पुसली.

"हे इथे कुणी टाकलं?"

"मी," पोरगी म्हणाली. "सरकत सरकत गेले आणि टाकलं."

"का गं? एवढी छान खार..."

"ती सारखी पडते."

"कोण पडते?"

"खार. डोक्यावर पडते. रोज."

"अगं वेडे, पडत नाही. उडी मारतेय ती. हे बघ." गवंड्यांनी पाठ तिच्यासमोर उभी धरली. खार वर झेपावलेली, रुमाल फडफडतोय, सगळं जिथल्या तिथे.

पोरीने मान हलवली. "अशी नव्हती." तिने पाठ त्यांच्या हातातून घेतली, पाय लांब केला आणि नळीवर बरोबर बसवली, दीड महिना होती तशी. "अशी होती. आता माझ्या इथून बघा."

गवंडी पलंगावर चढले. त्यांची कंबर कुरकुरली. पोरीच्या मागे उशीला टेकून त्यांनी आपला गाल तिच्या खांद्यापाशी आणला आणि तिच्या नजरेने तिच्या पायाकडे बघितलं.

खार खाली पडत होती. शेपूट वर, पाय वर, डोकं खाली. हात पुढे केलेले, डोळे विस्फारलेले, आणि सरळ पोरीच्याच अंगावर येत होती. लाल रुमालसुद्धा तिच्यामागे उडत येत होता. गॅरेजच्या भिंतीवरून एक मूल कसं पडलं असेल ते ज्याला बघायचं असेल, त्याने हे चित्र बघावं.

गवंड्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"डोळे मिटले तरी दिसते," पोरगी म्हणाली. "मी उभी राहिले की ती आपटणार. मग पुन्हा मोडणार."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. किती वर्षं टेबलाच्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी चित्रं काढली. त्यांना सरळ, डॉक्टरांना सरळ, सिस्टरना सरळ, पलंगापाशी येऊन वाहवा करणाऱ्या सगळ्या पाहुण्यांना सरळ. आणि ज्याचा पाय, त्याला उलटं. हातवाली पोरं हात फिरवून बघत असतील. पायवाल्यांनी पाय कुठे फिरवायचा? ती बिचारी आठवडेच्या आठवडे पडणारी खार बघत पडून राहिली. आणि शेजारच्या पलंगावरच्या नव्या पोराला सांगत राहिली असणार, की बाबा रे, खार घेऊ नकोस, पाणघोडा घे. तो उलटा झाला तर नुसता उताणा लोळतो. ती चिमुरडी सांगत होती तेव्हा आपण हसलो. चार ठिकाणी किस्सा सांगितला!

त्यांचे कान तापले. म्हातारपणी कानाखाली बसावी तसं झालं. पण त्या वेळी त्याहून जास्त वाईट या गोष्टीचं वाटत होतं, की पोरीने आधीच सांगितलं होतं. हळू का होईना, पण नाव घेऊन सांगितलं होतं.

"चुकलो गं," ते म्हणाले. "तू पाणघोडा म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही. आजोबा चुकले."

मोठी माणसं चुकतात हे पोरीला नवीन नसावं. तिने नुसतं "हं" केलं.

"पण मला एक सांग. पाणघोडाच का हवा होता?"

पोरीने त्यांच्याकडे असं बघितलं, की हे काय विचारणं झालं. "तो पडला की खुर्ची मोडते. तो नाही मोडत."

"आणि खार?"

"तिला पडताच येत नाही. ती कधी पडलीच नाही ना. म्हणून पडली की तिचं मोडतं."

सिस्टर, डॉक्टर, स्वतः गवंडी, सगळ्यांनी इतकी वर्षं चहाचे कप रिकामे केले, पण असं काही कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. गवंड्यांनी प्लास्टरची पाठ उचलून पलंगाखाली ठेवली, खिशातून मार्कर काढला, आणि तो प्रश्न विचारला.

"तुला कोण हवं?"

"पाणघोडा. उभा असलेला."

त्यांनी तिला पुढ्यात घेतलं, तिच्या दोन्ही बाजूंनी हात पुढे काढले आणि तिच्या डोक्यावरून वाकून तिच्या उघड्या नळीवर काढायला लागले. असं काढायची हाताला सवय नव्हती. कंबर ठणकत होती, चष्मा घसरत होता, आणि पोरीचे केस नाकात जात होते. पाणघोड्याचा एक कान मोठा झाला, पाय स्टुलासारखे आले.

"जरा म्हशीसारखा झालाय," गवंडी म्हणाले.

"चालेल. खुर्ची?"

"मोडकी काढू की धड?"

"धड. अजून तो बसला कुठेय?"

त्यांनी मागे एक धड खुर्ची काढली, मार्करला झाकण लावून तो खिशात टाकला. तेवढ्यात लेक चहा घेऊन आली, पलंगाच्या पायथ्याशी थांबली आणि वैतागून म्हणाली, "बाबा, हे काय? उलटा काढलात हा."

"तुला उलटा," पोरगी म्हणाली. "पाय माझा आहे."

ती सरकत पलंगाच्या कडेला आली. एक पाय खाली सोडला. मग दुसरा सोडला, आणि तो मात्र फरशीच्या वर बोटभर अंतरावर थांबला. पोरीने पाणघोड्याकडे बघितलं, तो उभाच होता. तिने पाऊल टेकवलं. पलंग धरून एक पाऊल टाकलं. पलंग सोडून दुसरं टाकलं. तिसऱ्याला बारका पाय थरथरला, वाकला आणि पोरगी दाणकन बुडावर आपटली.

लेक कप टाकूनच धावली असती. गवंड्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं. "थांब," ते दात आवळून म्हणाले. त्यांना स्वतःलाच उडी मारून पोरीला उचलावंसं वाटत होतं. आजी दारात येऊन उभी होती, तिनेही तोंडावर हात धरला.

पोरीने आधी इकडे बघितलं, मग तिकडे बघितलं. मग पाय जवळ ओढून नळीवरचा पाणघोडा नीट तपासला, कान, पाय, पोट, सगळं.

"याला काही झालं नाही," तिने जाहीर केलं. "आजोबा, पण आता खुर्ची मोडलेली काढायला लागेल."

"काढू की," गवंडी म्हणाले.

"मार्कर कुठेय?"

गवंड्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला, छातीत कळ आल्यासारखा.

"आत असेल बघ," ते म्हणाले. "स्वयंपाकघरात, खिडकीपाशी."

पोरीने शेजारच्या खऱ्या खुर्चीची कड धरली, उठून उभी राहिली आणि मार्कर आणायला आत गेली.